टप्पा चार

आगारातून निवृत्त झालो तेव्हा
चिमटा परत मागायचं कुणाला सुचलं नाही.
तिकिटांची मशिनं आली होती,
कुठल्याच रजिस्टरात त्याची नोंद उरली नव्हती.
अकरा वर्षं तो शिवणाच्या डब्यात होता,
बटणांच्या सोबतीला.

मग मोटारसायकल क्लबाचा हिलाल घरी आला.
आबा, चिमटा शे ना तुमनाजोडे?
आयतवारना दिन नालामा बठनं पडी.

म्हणून हा मी, चोपड्याच्या वर,
सातपुड्याच्या पायथ्याशी, नाल्याच्या कोरड्या पोटात,
अंजनाखाली, घरून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर.
दोन्ही अंगांनी फक्कीच्या रेषा.
मध्ये म्हशीएवढे काळे दगड,
आणि शेवटी चढ,
जिथे शेळीसुद्धा आधी विचार करते.

नियम मला दोनदा सांगावे लागले.
पाय टेकला, एक.
परत टेकला, दोन.
मग तीन, आणि तिथून पुढे कितीही टेकत राहा, तीनच.
थांबला, पडला, रेषेबाहेर गेला, पाच.
ज्याच्या नावावर काहीच नाही तो पहिला.
आणि वेग?
वेगले कोन इचारस, आबा!

जन्मभर गाडी उशिरा पोचल्याचे जबाब लिहिलेल्या माणसाला
हे ऐकून बरं वाटलं.

आधी जामसिंग पावरा आला, बापाच्या राजदूतवर,
सायलेन्सर तारेने वर बांधलेला.
उभ्याने चालवतो, गुडघ्यांत थोडा वाकून,
मान अशी, जणू डोक्यावर भरला हंडा.
दगडावर पुढचं चाक ठेवलं,
मागच्याला बोलावून घेतलं,
गेला निघून.
कार्ड कोरंच परत दिलं मी,
आणि हात चाचपत राहिला,
कुणाला विनातिकीट सोडल्यासारखा.

रईस तडवीचे तीन.
शिरपूरचे डॉक्टर, नवी परदेशी गाडी, पाच.
एकाने दगडाला शिवी दिली, एकाने गाडीला,
एक मला नमस्कार करून मग पडला.

दुपार कलल्यावर वैजंता आली, टायरवाल्या गुजराची पोर.
तोवर तिच्या कार्डावर एकही भोक नव्हतं.
शेवटच्या दगडावर तिची गाडी थबकली.
थांबली नाही, थबकली;
हा फरक मला त्या दिवसापुरता कळत होता.
डावा बूट सुटला, खाली आला,
बुटाखालून धूळ उठली.
बुटाने की धुराड्याच्या वाऱ्याने, देव जाणे.
गाडी वर. इंजिन बंद. नाला चूप.

टेकना का व पाय?
तुम्हीन देखं का, आबा?

गाडीत कुणी म्हणायचं, पोरगं चारच वर्षांचं आहे,
तेव्हा मी पोराची उंची बघत नसे,
आईचं तोंड बघत असे.
इथे हेल्मेटच्या काळ्या काचेत
मीच दिसलो मला, खुर्चीसकट.

चिमटा दाबला.
अर्धा.
कार्डावर वळ उठला, भोक पडलं नाही.

संध्याकाळी टेबलाशी हिलालने
एकेक कार्ड मावळतीकडे धरलं.
तिच्या कार्डातून उजेड आला नाही.
शून्य, त्याने लिहिलं.
जामसिंगचं एक भोक सातव्या टप्प्यावर पडलं होतं,
तो टाळ्या वाजवत होता.

तिने कार्ड मागून घेतलं.
वळावरून नख फिरवलं एकदा,
माझ्याकडे बघितलं,
आणि कप नेऊन बापाच्या हातात दिला,
ओझं द्यावं तसा.

फाटा तिथून दोन किलोमीटर.
सोडतो म्हणाले, नको म्हटलं.
चिमटा खिशात घालून पायी निघालो.
पहिल्या तीन पावलांतच माझे तीन झाले.
तिथून पुढे मोजत नाहीत.